तुम्ही न वाजवलेली घंटा

सर, परवा दुपारी कॉलेजची घंटा वाजली.

मी दहावीच्या वर्गाला परागीभवन शिकवत होते. तोंड फळ्याकडे आणि हातात खडू. रस्त्यापलीकडून एक ठोका आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग दुसरा. दशरथ शिपाई घंटा वाजवतो ती अंगणातलं कुत्रं हाकलल्यासारखी, धडाधड. हे ठोके त्याचे नव्हते. हे तुमचे होते. एक ठोका विरून जाईपर्यंत दुसरा द्यायचा नाही, ही तुमची रीत. तुम्ही आजारी आहात, रजेवर आहात हे कानावर होतं. मला वाटलं, बरे होऊन आलात. आणि सर, खरं सांगते, मला असंही वाटलं की वाजवली बाई शेवटी यांनी!

वर्ग तसाच सोडून मी रस्ता ओलांडला. किती वर्षं ते फाटक मी ओलांडलं नव्हतं. व्हरांड्यात पोचले तर रुळाच्या त्या तुकड्याखाली हातात लोखंडी सळई घेऊन दशरथच उभा होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाई, सर गेले," तो म्हणाला. "करडीहून निरोप आला. कोनाले कसं सांगाव काही समजेना. मंग सरांवानी वाजवली."

म्हणजे घंटा वाजली ती तुमचीच बातमी सांगायला.

आपल्या कॉलेजात दोन घंटा होत्या हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. लोखंड एकच. वरठी स्टेशनावरून आणलेला जुन्या रुळाचा तुकडा, व्हरांड्याच्या तुळईला टांगलेला. तासांची घंटा दशरथ द्यायचा. दुसरी तुम्ही, प्राचार्य, स्वतः द्यायचात, आणि ती वाजली की प्राध्यापक, कारकून, प्रयोगशाळेतली माणसं, शिपाई, झाडूवाली, सगळ्यांनी हातातलं टाकून व्हरांड्यात यायचं. खुर्च्या नाहीत. तुम्हीही उभे. काही वाईट घडलं किंवा घडणार असेल, तर ते आधी घरच्या माणसांना, तुमच्या तोंडून, समोरासमोर. मग सूचना फलकावर. मग गावात.

मी रुजू झाले तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. अंगात वनस्पतिशास्त्राची नवी पदवी आणि जगाला शहाणं करण्याची खुमखुमी. पहिल्याच महिन्यात तुम्ही तुमचा नियम सांगितलात. सभेत तुम्ही पुस्तकासारखं बोलायचात, पण काळजातलं काही असलं की जीभ थेट तुमच्या गावी, करडीला जायची. "बाई, मानसाईले सांगाचं असलं का तीन गोष्टी. पहिले मालूम आहे थे सांगाचं. मंग मालूम नाही थे सांगाचं. मंग आपलं तोंड बंद करून त्याईचं आयकाचं." मी म्हटलं, "सर, तिसरी तुम्हाला जमते?" तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "दोन जमल्या, थे का कमी आहे?"

मग ते पुराचं वर्ष. वैनगंगा फुगली आणि दुपारपर्यंत आपल्या खालच्या मैदानात पाणी दिसायला लागलं. तुम्ही घंटा दिलीत. आम्ही जमलो. तुमचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"पानी मैदानात आलं आहे, हे मालूम आहे," तुम्ही म्हणालात. "किती चढन, हे मले मालूम नाही. कोनालेच मालूम नाही. ज्याईचे घरं नदीकडं आहेत, त्याईनं आत्ता निघाचं. बाकीच्याईवर माहा हुकूम नाही. प्रयोगशाळा खाली आहे, थे वर न्यावी लागन. रायते थे रायते, जाते थे जाते."

  रसायनशास्त्राचे भोयर सर म्हणाले, "बोलत काय बसता, सर, बाटल्या उचला." नदीकडच्या दोघांना तुम्ही ओरडून घरी पाठवलंत. ते बायकापोरांना उंचावर पोचवून तासाभरात परत आले. भोयर सर आम्लाच्या बाटल्या एकेक करून नवजात बाळासारख्या वर नेत होते आणि तोंडाने पावसाला अशा शिव्या देत होते की मी ऐकू न आल्यासारखं केलं. मी सूक्ष्मदर्शकं माझ्या शालीत गुंडाळून नेली. आणि तुम्ही, प्राचार्य महाशय, प्राणिशास्त्राचा तो मानवी सांगाडा कडेवर घेऊन जिना चढलात. त्याचा हात तुमच्या गळ्यात पडलेला. झाडूवाली म्हणाली, "सरानं नवरी आणली वो!" पाणी पायरीला लागलं होतं आणि आम्ही सगळे पोट धरून हसत होतो. माझ्या आयुष्यात मी कुठल्या जागेची इतकी झाले नव्हते, जितकी त्या दुपारी त्या जिन्याची झाले.

पाणी ओसरल्यावर आपला वाद झाला, आठवतो? मी म्हटलं, "सगळंच कशाला सांगता? माहीत नाही तेसुद्धा सांगता. माणसं घाबरतात." तुम्ही म्हणालात, "घाबरू द्या ना. घाबरलेला मानूस निदान तयारी करते. गाफील मानूस बुडते." मी हटले नाही, तुम्हीही हटला नाहीत. चहा थंड झाला. तो वाद आपण अर्धा सोडला होता, पुढे कधीतरी संपवू म्हणून. तुम्ही तो संपवलात, पण माझ्या बाजूने. मला न विचारता.

माझ्या मुलीच्या वेळी मी बाळंतपणाला गेले तेव्हा माझे तास घ्यायला कोणी नव्हतं. तुम्ही, इतिहासाचा माणूस, प्रयोगशाळेत जाऊन बसलात आणि पोरांकडून पानांची चित्रं काढून घेतलीत. मी परत आले तर म्हणालात, "मी पानं आणून देली, बाकी पोराईनंच मले शिकवलं." असं कोण करतं? मी घरी नवऱ्याला म्हटलं होतं, या माणसासाठी मी जन्मभर इथे वर्षावर्षाच्या नेमणुकीवर काम करीन. तो रेल्वेतला, वरठीला. तो हसून म्हणाला होता, गाडी कितीही चांगली असली तरी आपलं सामान आपणच सांभाळायचं असतं. मी त्याच्यावर चिडले होते.

मग ती दिवाळी गेली आणि कुजबुज सुरू झाली. संस्थेला विज्ञान शाखा झेपत नाही, पुढच्या सालापासून बंद करणार. बाजारात कोणी म्हणे, बसमध्ये कोणी म्हणे. आम्ही विज्ञानवाले काय करत होतो? हसत होतो. कुणी भीत भीत विषय काढला की भोयर सर त्याच्यावर खेकसायचे, "दुसरी घंटा वाजली का? नाही ना? मंग कायले डोकं खाऊन राहिले?" आणि विषय मिटायचा. दुसऱ्या कुठल्या कॉलेजातली माणसं अशी बसली नसती. त्यांनी चौकशी केली असती, अर्ज टाकले असते, चार ठिकाणी ओळखी काढल्या असत्या. आम्हाला तुम्ही एक सवय लावली होती. वाईट बातमी असेल तर घंटा होईल. घंटा नाही, म्हणजे बातमी नाही. शांततेवरसुद्धा आम्ही सही घेतल्यासारखा विश्वास ठेवला.

मला त्याच दिवसांत नागपूरच्या सरकारी कॉलेजातून बोलावणं आलं. कायमची जागा. नवऱ्याची बदली होण्यासारखी होती, आम्ही खोल्यासुद्धा पाहून आलो होतो. पण मन निघेना. म्हणून मी तुमच्या खोलीत आले. दार लावलं. सरळ विचारलं, "सर, नागपूरचं आलंय. इथलं काय होणार आहे ते तुम्हाला माहीत असेल. जाऊ की राहू?"

तुम्ही अडकित्ता खाली ठेवलात. खिडकीबाहेर पाहिलंत. आणि म्हणालात, "बाई, घंटा वाजली आहे काय? नाही. मग आपण उगाच काळजी का करता? निश्चिंत मनाने आपला तास घ्या."

मी उठले आणि तास घ्यायला गेले. संध्याकाळी नागपूरला नकार कळवला. फार मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं होतं.

किती साधी होते मी! त्या वाक्यात करडी कुठेच नव्हती. तुम्ही मला कधी 'आपण' म्हणाला नव्हतात. ते सभेतलं बोलणं होतं, पाहुण्यांसमोरचं. इतकी वर्षं मी तुमची जीभ ओळखत होते आणि नेमकी त्या दिवशी ओळखली नाही, कारण मी ऐकत नव्हतेच. मी विश्वास ठेवत होते.

नुसते गप्प राहिला असतात तर मी तुम्हाला कधीतरी माफ केलं असतं. माणूस गप्प राहतो, वरून दाब असतो, समजू शकते. पण तुम्ही ती घंटा मध्ये घातलीत. पुरात जिच्यामुळे आम्ही वाचलो, तिचीच शपथ खाल्ल्यासारखं केलंत. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी मी प्रयोगशाळा आवरायला आले. फाटकाशी बैलबंडी उभी होती. बंडीवर आमची लांब टेबलं उलटी घातलेली, पाय वर. शेजारी कपाट, आणि कपाटाच्या काचेतून माझी सूक्ष्मदर्शकं दिसत होती. सगळं सामान संस्थेच्या दुसऱ्या गावच्या शाळेला चाललं होतं. मी दशरथला विचारलं, "हे काय?" तो माझ्याकडे बघतच राहिला.

"बाई, तुमाले कोनी सांगतलं नाही का? विज्ञान बंद झालं."

मी तुमच्या खोलीत आले. तुम्ही खुर्चीत होतात. मी म्हटलं, "सर, दिवाळीपासून तुम्हाला माहीत होतं?" तुम्ही मान हलवलीत. "मी विचारायला आले तेव्हाही?" पुन्हा मान. मी म्हटलं, "गाफील माणूस बुडतो, हे कोण म्हणालं होतं?" तुम्ही म्हणालात, "चहा घेता का?"

चहा! मी उलट्या पावली निघाले. आपल्या दोघांच्या ओळखीतलं तुमचं ते शेवटून दुसरं बोलणं.

पुढचं तुम्हाला रस्त्यापलीकडून दिसतच होतं. नागपूरची जागा कधीच भरली गेली होती. भोयर सर सायकलवर घरोघरी ट्यूशनला हिंडू लागले, आणि ज्या माणसाने घंटेवरून सगळ्यांना गप्प केलं होतं तो पुढे फारसा बोलेनासाच झाला. मला समोरच्या हायस्कुलात जागा मिळाली. कॉलेजच्या पोरांना शिकवणारी बाई आता शेंबड्या पोरांच्या वह्या तपासते, असं लोक बोलले. वह्या तपासायचं मला दुःख नाही, सर. पोरं गोड आहेत. पण रोज तासाची घंटा ऐकू यायची. तिच्यातून आवाज यायचा तो दशरथचा, आणि मी तरी कान टवकारायचे. तुम्ही स्कूटरवरून जाताना हात वर करायचात. मी मान फिरवायचे. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

एकदा तुम्ही शाळेच्या फाटकाशी आलात. मधल्या सुट्टीत. हातात धानाची चार पाती होती. "बाई, जरा पाहा ना," तुम्ही म्हणालात, "या पानाईवर हे डाग काहून पडून राहिले?" मी पाती घेतली, उलटून पाहिली, म्हटलं, "करपा आहे. कृषी अधिकाऱ्याला दाखवा." तुम्ही उभेच. पोरं आपल्याभोवती पकडापकडी खेळत होती. तुम्ही तोंड उघडलंत, मिटलंत. मी म्हटलं, "माझा तास आहे." तुम्ही म्हणालात, "हो हो, जा," आणि पाती तशीच हातात घेऊन रस्ता ओलांडलात.

काल मी करडीला गेले. काकूंना भेटायला. बस उतरून चालत निघाले तर दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्यांतली धसकटं, खळ्यांत पेंढ्याचे, तनसाचे ढीग. घरापर्यंत नुसता धान. आणि भर रस्त्यात मी थांबले. करडीच्या माणसाला करपा ओळखता येत नाही? जो धानात रांगला, धानात वाढला, त्याला पातीवरचा डाग कसला ते एका शहरी बाईला विचारावं लागतं? सर, तुम्ही तेव्हा दुसरंच काही विचारायला आला होतात. किंवा सांगायला. एवढं सगळं शिकवलंत आणि स्वतःला एक वाक्य जमलं नाही.

तरीही माझा राग गेला नव्हता, पण मऊ पडला होता हे कबूल करते. घरात शिरले ते त्याच मनाने. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुमचं नाव नेहमी काढत जात. त्याईले लय लागून होतं तुमचं. संस्थेच्या अध्यक्षाईनं वचन घेतलं होतं ना, परीक्षा होईपर्यंत कोनाले सांगाचं नाही म्हनून. हे म्हनत, घंटा वाजवली असती तं सारे निघून गेले असते. मंग त्या पोराईचे प्रॅक्टिकल कोनं घेतले असते? शेवटच्या सालाचे पोरं होते. त्याईचं साल बुडालं असतं."

काकू समजूत काढायला बोलल्या. त्यांना वाटलं, एवढं कळलं की बाईंचं मन निवळेल. मी त्यांचा हात धरून बसून राहिले, पण आतून मी पेटले होते. परीक्षा झाल्यावरही तुम्ही सांगितलं नाहीत, ते सोडाच. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही खुर्चीला जपलंत. अध्यक्षांना भ्यालात. त्याला मी नावं ठेवली, पण ते माणसाचं असतं. खरं कारण त्याहून वाईट निघालं. तुम्हाला वाटलं, आम्ही निघून जाऊ. पोरांना परीक्षेच्या तोंडावर टाकून. आम्ही!

तुम्ही व्हरांड्यात उभं राहून सांगितलं असतंत ना, की शाखा बंद होते आहे हे मालूम आहे, तुमचं काय होईल हे मालूम नाही, आणि पोरांची परीक्षा बाकी आहे, तर काय झालं असतं ते मी सांगते. भोयर सरांनी पहिली शिवी घातली असती. दुसरीनंतर ते प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लावायला बसले असते. मी नागपूरच्या लोकांना कळवलं असतं की माझ्यासाठी परीक्षेपर्यंत थांबा, आणि ते थांबले नसते तर रविवारी वरठीला गाडीतून उतरून पोरांचे प्रयोग घेतले असते. एकेकाने आपली सोय पाहिली असती आणि तरी कुणी पोरं सोडली नसती. हे कळायला तुम्हाला काही लागत नव्हतं. तुम्ही पाहिलं होतं.

काकूंनी चहा केला. तुमच्या खोलीत नाकारलेला चहा मी तुमच्या घरी प्यायले. त्यांना काही बोलले नाही. त्यांचा काय दोष?

परवाचं एक सांगायचं राहिलं. दशरथने घंटा दिली, सगळे जमले, प्रभारी प्राचार्य बाहेरगावी होते. बातमी द्यायची कुणी, कुणाला कळेना. सगळे एकमेकांकडे बघत उभे. मी तर त्या कॉलेजची कुणीच नाही, पायात चपला नाहीत, हातात खडू. पण तुमची रीत तिथे मलाच ठाऊक होती. मी पुढे झाले. म्हटलं, "सर आज सकाळी करडीला वारले, हे माहीत आहे. अंत्यविधी कधी, हे अजून माहीत नाही. कुणाला काही बोलायचं असेल तर बोला." आणि गप्प उभी राहिले. भोयर सर ट्यूशनला जाताना घंटा ऐकून आत आले होते, सायकल धरून मागे उभे होते. कितीतरी वर्षांनी त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

तेव्हा आता आपलंही त्याच रीतीने होऊन जाऊ द्या. मला माहीत आहे ते हे, की तुमच्याइतका चांगला माणूस मला कामाच्या जागी पुन्हा भेटला नाही, आणि तुमच्याइतकं कुणी मला फसवलंही नाही. माहीत नाही ते हे, की फाटकाशी तुम्ही तोंड उघडलं होतं ते कशासाठी.

तिसरी गोष्ट मात्र आज मी करणार नाही. ती तुम्हाला कधी जमली नव्हती, आता जमेल. तोंड बंद करून ऐका, सर. पुरात आमच्यातलं एकही माणूस पळालं नव्हतं.